खाली वाळू लागेल का? शंख-शिंपल्यांनी सांगितलेलं दगडाचं वय

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

अंतरवाली सराटी आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या सगळ्या बचत गटांतल्या आया-बहिणींना माझा रामराम. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आज दगडाबद्दल बोलायचं आहे. दगडात बायांनी ऐकण्यासारखं काय असतं, असं वाटेल. पण बोअर घ्यायची वेळ आली की घराघरात हाच विषय निघतो. गटातून कर्ज उचललेलं असतं, मशीन दारात घरघरत असते. दोनशे फूट झाले, नुसती काळी भुकटी उडते. मग कुणीतरी म्हणतं, "अजून शंभर फूट जाऊ द्या, खाली वाळूचा थर आहे, वाळूला पाणी असतंच." फुटाफुटाला पैसे लागतात आणि हप्ता पुढे बाईच्याच वहीत येतो. म्हणून खाली वाळू असते का, असली तर किती खाली आणि ती तिथं कधी आली, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. भूगर्भाचे अभ्यासक हे कशावरून सांगतात, ते आज समजून घेऊ.

सुरुवात उतरंडीपासून करू. पूर्वी प्रत्येक घरात मडक्यांची उतरंड असायची. सगळ्यात खालचा रांजण आधी ठेवलेला, वरचं गाडगं शेवटी. कुणीही न सांगता कळतं की खालचं आधीचं आणि वरचं नंतरचं. जमिनीचे थरही असेच एकावर एक बसतात. कुणी मोठी उलथापालथ केली नसेल, तर खालचा थर जुना आणि वरचा नवा. दगडाचं वय काढण्याचा हा पहिला नियम. आपल्याकडच्या विहिरी खणणाऱ्या लोकांना तो पाठ असतो. आधी काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, मग घट्ट काळा पाषाण, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा आणि पुन्हा पाषाण.

हा काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि तापलेला रस वर येऊन पसरला. एक लोट निवायचा, काही काळ जायचा, मग दुसरा लोट त्यावर यायचा. मधल्या काळात पहिल्या लोटाच्या पाठीवर जी माती झाली, ती वरच्या रसानं भाजून तांबडी झाली. विहिरीत दिसणारा तांबडा पट्टा बहुतेकदा तोच असतो. वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी याच काळ्या दगडात कोरली आहेत. आपल्या अंबडची मत्स्योदरी देवी ज्या माशाच्या आकाराच्या टेकडीवर बसली आहे, ती टेकडीही याच दगडाची. टेकडीला माशाचा आकार आहे म्हणून तिथं कधी समुद्र होता, असं मात्र म्हणता येत नाही. समुद्राचा पुरावा वेगळा असतो, आणि तो पाहायला आपल्याला थोडं लांब जावं लागेल.

आपल्याकडे काळ्या दगडाखालचं काही दिसत नाही, कारण त्याची जाडी फार आहे. ज्या ठिकाणी नदीनं हा दगड कापून काढला, तिथं खालचे थर उघडे पडले आहेत. त्यातलं एक ठिकाण म्हणजे नर्मदेचं खोरं. जालन्याहून उत्तरेला निघा, अजिंठ्याचा घाट उतरा, तापी ओलांडा, सातपुडा ओलांडा, की निमाड लागतो. अहिल्यादेवींचं महेश्वर तिथलंच. तिथून आणखी पश्चिमेला धार जिल्ह्यात बाग नावाचं गाव आहे. बागची छापाची साडी आणि ओढणी तुमच्यापैकी कुणी बाजारात पाहिली असेल. तिथले छिपे ठसे मारलेलं कापड बागिनी नदीच्या पाण्यात धुतात. हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. बाग शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात होतं आणि धारला पवारांची गादी होती.

बागलाही अजिंठ्यासारखी बौद्ध लेणी आहेत, पण ती काळ्या दगडात नाहीत. ती वाळूच्या दगडात कोरलेली आहेत. वाळूचा दगड, म्हणजे पुस्तकात ज्याला वालुकाश्म म्हणतात तो, पाणी पितो. कण आणि कण यांच्यामध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यात पाणी झिरपतं. त्यामुळे तिथल्या चित्रांचं फार नुकसान झालं आणि उरलेली चित्रं भिंतीवरून काढून ग्वाल्हेरला न्यावी लागली. आपल्या अजिंठ्याची चित्रं अजून भिंतीवर आहेत. बोअरच्या वेळी "वाळूला पाणी असतं" असं जे म्हणतात, त्यात तथ्य आहे ते असं. वाळूचा दगड पाणी साठवतो. घट्ट काळ्या पाषाणाच्या आत पाणी मुरत नाही, ते फक्त त्याच्या भेगांत, मांजऱ्यात आणि दोन लोटांच्या मधल्या फटीत मिळतं.

बागच्या परिसरात थरांची उतरंड अशी आहे. सगळ्यात खाली फार जुना, शेकडो कोटी वर्षांचा कठीण खडक. त्यावर वाळूचा दगड, त्याला निमाड वालुकाश्म म्हणतात. त्यावर गाठीगाठींचा चुनखडक. त्यावर आणखी एक चुनखडक, लालसर पिवळा, त्याला प्रवाळी चुनखडक असं नाव पडलं. नाव प्रवाळाचं, म्हणजे पोवळ्याचं असलं तरी त्यात पोवळी नाहीत. ब्रायोझोआ नावाच्या, समुद्रात वसाहत करून राहणाऱ्या चिमुकल्या जीवांच्या सांगाड्यांनी तो भरला आहे. त्यावर लॅमेटा नावाचे थर, ज्यांत डायनासोरची अंडी सापडतात. आणि सगळ्यात वर आपल्या ओळखीचा काळा दगड.

उतरंडीवरून एवढं कळलं की वाळूचा दगड काळ्या दगडाच्या आधीचा. पण किती आधीचा? इथं उतरंड मुकी होते. रांजण गाडग्याच्या आधी ठेवला हे ती सांगते. एक दिवस आधी की दहा वर्षं आधी, हे सांगत नाही.

मग वाळूचं वय थेट मोजता येत नाही का? यात एक अडचण आहे, ती गोधडीवरून पटकन कळेल. समजा तुमच्या घरात एक गोधडी आहे. तिच्यात आजीच्या लुगड्याचा तुकडा आहे, आईच्या साडीचा आहे आणि मुलाच्या शाळेच्या सदऱ्याचाही आहे. आजीचं लुगडं साठ वर्षांचं, म्हणून गोधडी साठ वर्षांची होत नाही. गोधडी कधी शिवली ते लुगडं सांगू शकत नाही. वाळूचंही तसंच आहे. वाळूचा कण म्हणजे कुठल्यातरी जुन्या डोंगराचा झिजलेला तुकडा. कणाचं वय काढलं तर डोंगराचं वय निघतं, थर साचल्याचं नाही. फार तर एवढं म्हणता येतं की गोधडीतला सगळ्यात नवा तुकडा जितका जुना, त्याहून गोधडी जुनी नाही.

म्हणून अभ्यासक वाळूच्या कणांबरोबरच, वाळू साचत असताना तिच्यात पुरल्या गेलेल्या जिवांकडे पाहतात. शंख, शिंपले, काटेरी चेंडूसारखे सागरी अर्चिन, माशांचे दात. हे प्राणी थर साचला त्या काळात जगले आणि मेले. त्यांच्या दगड झालेल्या अवशेषांना जीवाश्म म्हणतात.

पण कुठलाही शिंपला काळ सांगत नाही. समजा ज्वारीच्या कणगीच्या तळाशी एक जुना डबा सापडला. त्यात पितळी वाटी असेल तर काय कळेल? काही नाही. पितळी वाट्या पणजीच्या काळीही होत्या आणि आजही आहेत. पण त्यात दोन हजारांची नोट निघाली तर? लगेच कळेल, हा डबा नोव्हेंबर २०१६ नंतरचा. कारण त्याआधी ती गुलाबी नोट नव्हतीच. मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ती चलनातून परत घ्यायला सुरुवात केली. म्हणजे ती थोडाच काळ चालली, पण त्या काळात देशभर सगळीकडे पोचली. आता त्याच डब्यात शंभराची जांभळी नवी नोटही असेल, तर वय आणखी नेमकं होतं. ती २०१८ साली आली, म्हणजे डबा २०१८ नंतरचा.

काळ सांगणारा जीवाश्म असाच असावा लागतो. तो थोडाच काळ जगलेला, पण दूरवर पसरलेला आणि सहज ओळखू येणारा हवा. पितळी वाटीसारखे, कोट्यवधी वर्षं न बदलता राहिलेले शिंपले या कामाला उपयोगी नाहीत.

दोन हजारांच्या नोटेसारखा सगळ्यात कामाचा प्राणी म्हणजे अमोनाइट. नाव परकं वाटलं तरी त्याच्या जातभाईची तुमची ओळख आहे. कित्येकींच्या देवघरात तो आहे, आणि दर कार्तिकात त्याचं तुळशीशी लग्न लागतं. नेपाळमधल्या काळी गंडकीच्या पात्रातून येणारा, आत चक्राची खूण असलेला शाळिग्राम हा अमोनाइटचा जीवाश्म असतो. तो आपल्या बागच्या थरांहूनही जुना, जुरासिक काळातला आहे. हिमालय उठायच्या आधी तिथं समुद्र होता, त्या समुद्राच्या तळचा तो जीव. आपण त्याला विष्णू मानतो, अभ्यासक त्याला काळाची खूण मानतात. दोन्ही गोष्टी एकाच दगडात सुखानं राहतात.

अमोनाइट हा माकूळ आणि अष्टपद यांचा नातेवाईक. गुंडाळी घेतलेल्या शंखात राहायचा. शंखाच्या आत एकामागून एक कप्पे असत. प्राणी शेवटच्या कप्प्यात राहायचा, मागचे कप्पे हवेनं भरलेले, त्यामुळे तो पाण्यात तरंगू शकायचा. म्हणून त्याचे शंख एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रापर्यंत पोचले. शिवाय त्याच्या जाती भराभर बदलत गेल्या. कप्प्यांच्या पडद्यांची शंखावर उमटलेली नक्षी, वरच्या उभ्या रेघा, गाठी, यांवरून जात ओळखता येते, जशी काठावरून आपण साडी ओळखतो. इरकली की पैठणी, हे सांगायला आपल्याला लेबल लागत नाही. आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आपला काळा दगड वाहत होता त्याच सुमारास, ही सगळी जमात नाहीशी झाली.

आता बागला परत जाऊ. तिथल्या जीवाश्मांवर दीडशे वर्षांहून जास्त काळ काम चाललं आहे. लंडनच्या डंकन यांनी बागच्या सागरी अर्चिनांचं वर्णन १८६५ साली छापलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले प्रमथनाथ बोस यांनी हा भाग पायी तुडवला आणि १८८४ साली थरांची वाटणी करून दाखवली. हेच बोस, ज्यांनी पुढे मयूरभंजच्या लोखंडाच्या खनिजाबद्दल जमशेदजी टाटांना कळवलं. १९०७ साली व्रेडनबर्ग यांनी तिथल्या अमोनाइटवर लिहिलं. आणि मग आपल्या मराठी माणसाचं नाव येतं. जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून बागच्या जीवाश्मांवर लेख लिहायला सुरुवात केली, १९४१ मध्ये तिथल्या अमोनाइटवर लिहिलं आणि पुढची अनेक वर्षं हाच ध्यास घेतला. पुण्याची महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, जिला आज आघारकर संशोधन संस्था म्हणतात, तिथं चिपळूणकर, बडवे आणि घारे यांनी बागच्या शिंपल्यांचं, शंखांचं, बिळांच्या खुणांचंही बारकाईनं वर्णन केलं. १९७७ साली या तिघांनी तोवरच्या सगळ्या कामाचा आढावा घेतला.

एवढी वर्षं का लागली? कारण साक्षीदार एकमेकांशी जुळत नव्हते. अर्चिन एक काळ सांगत, अमोनाइट दुसरा, शिंपले तिसरा. आपल्या गावानं २०२३ नंतर हे जवळून पाहिलं आहे. जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला, निजामकाळातली कागदपत्रं, मोडीतली दप्तरं उघडली गेली. तेव्हा गावातल्या शाळकरी पोरांनाही कळलं की एक कागद पुरत नाही. तो कुठल्या दप्तरात होता, कुणी लिहिला, दुसऱ्या कागदाशी जुळतो का, हे सगळं पाहावं लागतं. शिंपला हाही एक कागदच आहे. तो नेमका कुठल्या थरातून काढला, हे लिहून ठेवलेलं नसेल तर त्याची साक्ष निकामी होते.

वाळूच्या दगडाचं वय शेवटी कसं ठरलं, ते पायरीपायरीनं पाहा. निमाड वालुकाश्माचा खालचा भाग नदीनं आणलेल्या वाळूचा आहे. त्यात समुद्राची खूण नाही. वर वर जाताना कालवांचे, म्हणजे ऑयस्टरचे थर लागतात, समुद्रतळाच्या वाळूत बिळं करणाऱ्या प्राण्यांच्या खुणा लागतात. म्हणजे आधी नदी होती, मग पश्चिमेकडून समुद्राचा फाटा नर्मदेच्या खोलगट भागातून आत आला. पण वाळूच्या किनाऱ्यावर लाटा शंख फोडून टाकतात, म्हणून वाळूच्या दगडात चांगले अमोनाइट फारसे मिळत नाहीत. ते मिळतात त्याच्या वरच्या गाठीच्या चुनखडकात, जिथं समुद्र खोल आणि शांत होता. तिथल्या अमोनाइटच्या आणि इनोसेरॅमस नावाच्या शिंपल्यांच्या जाती युरोपातल्या, आफ्रिकेतल्या ज्या थरांशी जुळतात, ते थर क्रिटेशस काळातल्या तुरोनियन नावाच्या भागाचे, म्हणजे सुमारे नऊ ते सव्वानऊ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

आता उतरंडीचा नियम लावा. वरचा चुनखडक सव्वानऊ कोटी वर्षांच्या आसपासचा, तर खालचा वाळूचा दगड त्याच्या आधीचा. आणि वाळूच्या दगडातल्या समुद्री थरांत जे जीव आहेत, ते तुरोनियनच्या लगेच आधीच्या, सेनोमेनियन नावाच्या काळाशी जुळतात. म्हणून आज बहुतेक अभ्यासक तो समुद्री वाळूचा दगड साडेनऊ ते दहा कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. वरचा लालसर चुनखडक साधारण पावणेनऊ कोटी वर्षांचा. म्हणजे वाळू बोलत नव्हती तेव्हा तिच्या शेजारणींनी साक्ष दिली. वरच्यांनी सांगितलं, "ती आमच्या आधीची", आणि तिच्या पोटातल्या कालवांनी सांगितलं, "फार आधीची नाही."

तुम्ही विचाराल, हे कोटींचे आकडे शिंपल्यावर लिहिलेले असतात का? नाही. शिंपला फक्त पुढचं-मागचं सांगतो. आकडा येतो ज्वालामुखीच्या राखेतून. जगात काही ठिकाणी अमोनाइटच्या थरांच्या मध्ये राखेचे पातळ थर सापडतात. राखेत झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक असतात, त्यात युरेनियम असतं. हे युरेनियम अगदी ठरलेल्या गतीनं हळूहळू शिशात बदलतं. समईत किती तेल घातलं होतं आणि आता किती उरलं हे माहीत असेल, तर ती कधी लावली ते सांगता येतं, तसं. राखेचं वय कळलं की तिच्या वरखालच्या अमोनाइटचा काळ कळतो. मग त्याच जातीचा अमोनाइट बागला सापडला तर, तिथं राख नसली तरी काळ सांगता येतो.

शंख-शिंपल्यांवरून थर ओळखायची ही पद्धत इंग्लंडमध्ये विल्यम स्मिथ नावाच्या माणसानं रुजवली. तो कालवे खणण्यासाठी जमिनीची मोजणी करायचा. खणताना त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक थराचे शंख ठरलेले आहेत आणि त्यांचा क्रम बदलत नाही. त्यानं १८१५ साली त्यावरून अख्ख्या देशाचा नकाशा केला. त्याच काळात त्याच देशात मेरी ॲनिंग नावाची एक बाई होती. सुताराची पोर, फारसं शिक्षण नाही. बाप लवकर गेला, तेव्हा समुद्रकाठच्या कड्यांतून अमोनाइट आणि हाडं काढून विकून तिनं घर चालवलं. दरड कोसळायच्या भीतीत ती हे काम करायची. तिनं शोधलेल्या प्रचंड समुद्री सरड्यांवर मोठ्या मोठ्या विद्वानांनी लेख लिहिले. पण लंडनच्या भूवैज्ञानिकांच्या सभेत तिला जागा नव्हती, कारण ती बाई होती. त्या सभेनं बायांना सदस्य करून घेतलं ते १९१९ साली, मेरी जाऊन सत्तर वर्षं उलटल्यावर. ज्या हातांनी दगड फोडला, त्या हातांचं नाव कागदावर यायला इतका उशीर झाला. आपल्या गटाच्या वहीत प्रत्येकीचं नाव आणि सही का असते, हे यावरून समजावं.

सापडलेली वस्तू जपणं हेही ज्ञानाचंच काम आहे. धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावात शेतात सापडणारे गोल दगड लोक पिढ्यान्‌पिढ्या काकड भैरव म्हणून पूजत आले. काकड म्हणजे शेत, भैरव म्हणजे राखणदार. २०२३ साली बातमी आली की ती डायनासोरची अंडी आहेत. त्याच वर्षी धार जिल्ह्यातल्या डायनासोरच्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. लोकांनी पूजा केली म्हणून ते दगड फुटले नाहीत, विकले गेले नाहीत.

आता काही खबरदारीच्या गोष्टी. आपल्या शेतात पांढरे शंख सापडले तर लगेच समुद्र म्हणू नका. गोदाकाठच्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख असतात, ते फार जुने असतीलच असं नाही. नागपूरजवळ टाकळीला काळ्या दगडांच्या लोटांमध्ये जे शंख मिळाले, तेही तळ्यातल्या गोगलगाईंचे आहेत, समुद्रातले नाहीत. विहिरीच्या दगडात पोकळीत चमकणाऱ्या पांढऱ्या गारगोट्या जीवाश्म नाहीत. ते स्फटिक आहेत, लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत नंतर वाढलेले. आणि जुना शिंपला पुरात वाहून नव्या थरात येऊन बसू शकतो, जसा आजीच्या लुगड्याचा तुकडा गोधडीत येतो. म्हणून एका शिंपल्यावर कुणी निकाल देत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. बागला काळ्या दगडाखाली वाळूचा दगड आहे, तर आपल्याखाली असेल का? याचं उत्तर शोधायला मराठवाड्यातच एक बोअर घेतलेलं आहे, पण ते पाण्यासाठी नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र पाडलं. काळा दगड संपला तो ३३८ मीटरवर, म्हणजे अकराशे फुटांच्या खाली. त्यानंतर साचलेल्या गाळाचा थर लागला, अवघा ८ मीटरचा, सव्वीस फुटांचा. त्याखाली फार जुना कठीण खडक. कोयनेला तर नऊशे मीटरहून जास्त काळ्या दगडाखाली असा थर मुळीच लागला नाही, थेट जुना ग्रॅनाइट लागला.

यावरून काय समजायचं? बागचा समुद्र नर्मदेच्या खोलगट पट्ट्यात शिरला होता. त्याची वाळू सगळ्या महाराष्ट्राखाली चादरीसारखी पसरलेली नाही. आणि जिथं काही थर आहेही, तिथं तो हजार फुटांखाली, तोही पातळ असू शकतो. म्हणून "अजून शंभर फूट गेलं की वाळू लागेल" या बोलण्याला आपल्या भागात आधार नाही. आपलं पाणी काळ्या दगडाच्या भेगांत आणि मांजऱ्यात आहे. पावसानं भरतं तितकंच ते मिळतं. खोल जाऊन ते वाढत नाही; उलट शेजारणीच्या विहिरीचं खेचलं जातं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यानंही साठ मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट, ही रेघ विचार करूनच आखली आहे. त्यापुढच्या विहिरीला कायदा खोल विहीर म्हणतो.

म्हणून पुढच्या वेळी गावात कुणाचंही बोअर चालू असेल, तेव्हा गटातल्या दोघींनी तिथं बसायचं. दर दहा फुटांना बाहेर पडणाऱ्या भुकटीची मूठभर पुडी करायची. पिशवीवर चिठ्ठी लावायची, किती फुटांवरची, रंग कोणता, पाणी लागलं का. तांबडी माती किती फुटांवर लागली, ते आवर्जून लिहायचं. बोअर कुणाच्या गटात आहे, तारीख काय, हेही लिहायचं. पाच-सहा बोअरच्या अशा पुड्या जमल्या की त्या ओळीनं मांडा. तुमच्या गावाची उतरंड तुमच्यासमोर उभी राहील. कुठल्या थराला पाणी लागतं ते तुम्हालाच दिसेल. मग ती वही घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे जा. रिकाम्या हातानं विचारलेल्या प्रश्नापेक्षा पुराव्यानिशी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर लवकर मिळतं.

चिपळूणकरांनी बागला याहून काही वेगळं केलं नाही. थर पाहिला, त्यातली वस्तू उचलली, कुठून उचलली ते लिहून ठेवलं आणि दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहिलं. एवढं आपल्याला नक्की जमेल. कर्जाचा हप्ता आपण भरतो, तर जमिनीखाली काय आहे हेही आपण विचारून घेऊ.

पुढच्या वेळी पुनर्भरणाबद्दल बोलू, बोअरच्या शेजारी खड्डा कसा घ्यायचा आणि त्यात काय भरायचं. तोवर पुड्यांसाठी जुन्या दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून ठेवा. रामराम मैत्रिणींनो.